बोटीवरचा थरारपट : 'भूत - द हाँटेड शिप' एवढा का फसला?

खारा_वारा
'भूत - पार्ट वन : द हाँटेड शिप' अखेर बघितला. फेब्रुवारी २०२० ला आला तेव्हा थेटरात बघायचा राहिला आणि मग सगळंच बंद झालं. धर्मा प्रॉडक्शन्सच्या मानाने लहान बजेटचा सिनेमा आहे, एक मोठा हिरो, मोजकी ठिकाणं, गाण्यांची गर्दी नाही, म्हणून मला खूप आशा होती. (पुढे स्पॉयलर आहेत, ज्यांना बघायचाय त्यांनी इथेच थांबा.)

विकी कौशल शिपिंग कंपनीत ऑफिसर. बायको आणि मुलगी राफ्टिंग करताना गेलेल्या, त्याचा दोष तो स्वतःला देतो, त्या दोघी त्याला घरात दिसतात. एके दिवशी जुहूच्या किनाऱ्यावर 'सी बर्ड' नावाची भलीमोठी बोट येऊन रुतते आणि आत एकही माणूस नाही. ती तपासायचं काम याच्याकडे येतं. इथपर्यंत काय जबरदस्त आहे! नुसतं वाचूनच तिकीट काढावंसं वाटेल असं कथाबीज आहे.

आणि मग बोट गायब होते. म्हणजे पडद्यावर असते, पण नुसती अंधारे पॅसेज आणि गंजके दरवाजे म्हणून. भिंतीवरून सरपटणारी आकृती, दचकवणारा आवाज, पूर्वकथा उलगडणं, मग आशुतोष राणांचे प्रोफेसर आणि मंत्र. हेच सगळं एखाद्या बंद वाड्यात घडलं असतं तर काय फरक पडला असता? माझ्या मते काहीच नाही आणि सिनेमा तिथेच बुडाला. खरंच विचारतोय, कमी पैशात बोटीवरचा थरारपट आपल्याकडे होऊ शकतो का? त्याला काय लागतं?

चाफेकळी
+१. मध्यंतरापर्यंत पाय सोफ्यावर घेऊन बसले होते, नंतर निवांत खाली सोडले.

निशाचर
मी थोडा वेगळा सूर लावतो. मी हा पहिल्याच आठवड्यात थेटरात बघितला होता आणि पहिला तासभर अंगावर आला होता. आपल्या हिंदी भयपटांत सगळं एकतर हवेलीत नाहीतर जंगलातल्या बंगल्यात. इथे भर वस्तीत, जिथे लोक रविवारी पावभाजी खायला जातात तिथे ती बोट उभी आहे ही कल्पनाच केवढी नवी होती. विकी कौशलने एकट्याने सिनेमा खांद्यावर घेतलाय. भानू प्रताप सिंगचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच सिनेमा, तेही लक्षात घ्या. दुसऱ्या भागात घसरला हे मान्य, पण एवढा फसला म्हणणं मला जास्त वाटतं.

खारा_वारा
निशाचर, पहिल्या तासाबद्दल माझी काही तक्रार नाहीच. उलट तो तास चांगला आहे म्हणूनच जास्त चिडचिड झाली. जो सिनेमा पहिल्यापासून टाकाऊ असतो त्याच्यावर धागा काढायला कोण बसतंय.

जुहूकर
यातली बोट येण्याची घटना खरी आहे हे किती जणांना माहितीये? २०११ च्या जूनमध्ये 'एमव्ही विस्डम' नावाची कंटेनर बोट आमच्या जुहूला अशीच येऊन लागली होती. ११ जून. मी तेव्हा कॉलेजात होतो, आम्ही सगळे चालत गेलो बघायला. बातम्यांमध्ये आकार कळतच नाही हो! जवळ गेल्यावर मान पूर्ण मागे टाकावी लागायची. पाण्याच्या रेषेखालचा भाग हिरवा, शेवाळलेला, शंखशिंपले चिकटलेले, आणि वर सगळा लाल गंज, त्याचे पापुद्रे सुटून वाळूवर पडलेले. ओहोटीला लोक अगदी जवळपर्यंत जायचे, पोलिसांच्या शिट्ट्या चालू. भुट्टेवाले, चहावाले सगळे भेळवाल्यांना सोडून बोटीपाशी सरकले होते. पोरं खांद्यावर घेऊन लोक फोटो काढत होते.

सांगायचा मुद्दा असा की सिनेमात ही मजाच नाही. बोट रुतली की पूर्ण मुंबई तिथे लोटते. दिवसा जत्रा आणि रात्री एकदम सामसूम, हा फरक दाखवला असता तर रात्रीची भीती दुप्पट झाली असती.

दुसरा_वॉच
धागा बघून राहवलं नाही. मी मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे, सध्या घरी, पुढच्या जॉइनिंगची वाट बघतोय.

जुहूकर म्हणतात ती विस्डम कशी आली ते सांगतो. ती भंगारात निघालेली बोट होती, कोलंबोहून गुजरातेत अलंगला, जिथे जुन्या बोटी तोडतात तिथे, टग लावून ओढत नेत होते. याला डेड शिप टो म्हणतात, म्हणजे ओढल्या जाणाऱ्या बोटीचं इंजिन बंद, बहुतेक वेळा वर माणूसही नसतो. वाटेत टोइंगची तार तुटली. जून महिना, नैऋत्येचा वारा, आणि आपला किनारा पश्चिमेला. असा वारा सुटलेला असताना बेवारस बोट दुसरीकडे जाणार कुठे? वांद्रे-वरळी सी लिंकला धडकते की काय अशी भीती होती, तिथून वाचली आणि जुहूला लागली. जुलैच्या सुरुवातीला अमावास्येची मोठी भरती आली तेव्हा कुठे ती ओढून काढता आली. अशा वेळी पंचांग आणि टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, दोन्ही उघडून बसावं लागतं.

आणि ती एकटी नव्हती! त्याच वर्षी ३१ जुलैला 'एमटी पवित' हा टँकर तिथेच जवळ येऊन लागला. त्याची गोष्ट तर आणखी भारी आहे. जूनच्या शेवटी ओमानच्या बाजूला इंजिन रूममध्ये पाणी शिरलं, १३ जणांच्या क्रूने बोट सोडली, ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने त्यांना उचललं. बोट बुडाली असं सगळ्यांनी धरून चाललं. ती बुडालीच नाही. महिनाभर एकटी अरबी समुद्र कापत आली आणि मुंबईच्या दारात उभी राहिली. २६/११ ला तीन वर्षंही झाली नव्हती, नौदल, कोस्टगार्ड, पोलिस अशी तीन कडी किनाऱ्याला होती आणि एक पूर्ण टँकर कोणालाही न दिसता आत आला! मग ४ ऑगस्टला कोळशाने भरलेली 'राक कॅरियर' मुंबईपासून साधारण वीस मैलांवर बुडाली, सुदैवाने माणसं सगळी वाचली. दोन महिन्यांत तीन बोटी.

आता मला सांगा, एवढं सगळं हाताशी असताना भूत कशाला लागतं? पवित कशी आली, कोणी बघितली, कोणी बघूनही गप्प राहिलं, यावरच दोन तासांचा थरारपट होतो.

चाफेकळी
बापरे, पवितची गोष्ट मला माहितीच नव्हती. अंगावर काटा आला.

अबोली_अनघा
दुसरा_वॉच, माहिती छानच, पण मला एक सांगायचंय. मी सिनेमा बघायला जाते तेव्हा मला टाइड टेबल नको असतं. मला भीती वाटायला हवी. टगची तार का तुटली हे कळून मला रात्री झोप उडणार आहे का? तुम्ही म्हणताय तो माहितीपट झाला, तो मी वेगळा बघेन. भयपटात भूत असणारच, तक्रार करायची तर भुताने नीट घाबरवलं नाही याची करा.

दुसरा_वॉच
अनघाताई, रास्त आहे तुमचं. मग भीतीबद्दलच बोलतो.

शिपवर आम्ही सगळ्यात जास्त कशाला घाबरतो माहितीये? वादळाला नाही. बंद जागेला. बॅलास्ट टँक (तोल राखायला पाणी भरतात ती टाकी), चेन लॉकर (नांगराच्या साखळीची खोली), रिकामा होल्ड (माल ठेवायची जागा), अशा जागा महिनोन्‌महिने बंद असतात. आत गंज चढत असतो आणि गंज चढताना हवेतला ऑक्सिजन खातो. बाहेर २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, आतमध्ये तो किती उरलाय हे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. सोळाच्या आसपास आला की माणसाचं डोकं नीट चालत नाही, चुकीचे निर्णय घ्यायला लागतो आणि आपलं चुकतंय हेच त्याला समजत नाही. दहाच्या खाली गेला तर फार लवकर बेशुद्ध.

म्हणून आत जाण्याआधी झाकण उघडून हवा खेळवायची, मग मीटरची नळी दोरीने खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी हवा मोजायची, परमिटवर सही, दाराशी एक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा, तो तिथून हलायचा नाही. आणि तरीही जगभर दरवर्षी लोक मरतात. कसे मरतात तेही ऐका. पहिला आत पडतो. दाराशी उभा असलेला त्याला बघतो, आपला दोस्त पडलाय म्हणून धावत आत शिरतो, तोही पडतो. मग तिसरा. मदतीला जाणारेच जास्त मरतात हो यात.

सिनेमातला ऑफिसर रात्री टॉर्च घेऊन एकटाच, महिनोन्‌महिने बेवारस पडलेल्या बोटीच्या पोटात उतरतो. मीटर नाही, दाराशी माणूस नाही, कोणाला सांगितलेलं नाही. मी खुर्चीच्या टोकावर आलो होतो, पण भुतामुळे नाही!

अबोली_अनघा
हे मात्र भयंकर आहे. दोस्ताला वाचवायला गेलेला पण पडतो... हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं, मी वादच घातला नसता.

निशाचर
थांबा थांबा थांबा. म्हणजे बघा, हिरोला आधीच बायको-मुलगी दिसतात. तो गोळ्या घेत नाही. बोटीत ऑक्सिजन कमी. मग त्याला तिथे जे दिसतं ते भूत, दुःख की हवा? हे तीन पर्याय शेवटपर्यंत लोंबकळत ठेवले असते तर सिनेमा कुठच्या कुठे गेला असता! आणि यासाठी एक रुपया जास्त लागला नसता, सगळं साहित्य त्यांच्या कथेत आधीपासूनच होतं.

खारा_वारा
निशाचर, टाळ्या. अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं. बोटीचा धोका आणि त्या माणसाचं दुःख यांची गाठच बांधलेली नाही. दुःख एका बाजूला, भूत दुसऱ्या बाजूला, बोट नुसती मागे उभी.

तिखटशेव
आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत उतरणाऱ्यांना पण हा नियम लावा राव कोणीतरी. टाकी साफ करायला माणूस असाच बिनधास्त उतरतो.

दुसरा_वॉच
तिखटशेव, हसण्यावारी नेऊ नका, सेप्टिक टँक आणि गटारातले मृत्यू हेच आहेत. तिथे शिवाय हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅसही असतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं गॅस गेला.

बूममॅन
मी साउंडवाला आहे, शॉर्टफिल्म, वेबसिरीज, जाहिराती असं सगळं करतो. कमी बजेटचा प्रश्न विचारलाय म्हणून लिहितो.

अंधार स्वस्त असतो म्हणून प्रत्येक कमी बजेटचा भयपट अंधारात शूट होतो. पण भीतीचा पाऊण भाग कानातून येतो आणि नेमकं तिथेच लोक तयार लायब्ररीतले आवाज उचलतात. या सिनेमात बघा, दचकवायच्या जागी तोच तो वाढत जाणारा व्हायोलिनचा आवाज आणि मग धडाम. दोन वेळा चालतो, तिसऱ्या वेळी प्रेक्षक आधीच कान झाकतो.

मी एकदा एका गोदीत उभ्या असलेल्या जुन्या बार्जवर रेकॉर्डिंगला गेलो होतो. काय आवाज असतात लोखंडाचे! दुपारी पत्रा तापला की आतून 'टँग' असा एकच ठोका येतो, मध्येच, कुठलीही लय नाही. संध्याकाळी गार व्हायला लागला की परत. पाणी चढलं की खालून घासल्यासारखा लांबलचक आवाज, तो कानापेक्षा तळपायाला जास्त कळतो. एका टोकाला कोणी साखळी टाकली तर दुसऱ्या टोकाला शेजारच्या खोलीत टाकल्यासारखी ऐकू येते, म्हणजे आवाज कुठून आला हेच सांगता येत नाही. वाड्यात हे नाही मिळत. खारा_वारा यांचा प्रश्न होता ना काय फरक पडला असता, हा फरक. दिवसभराचं रेकॉर्डिंग, दोन माणसं आणि बरे माइक, एवढाच खर्च.

दुसरा_वॉच
बूममॅन, बरोब्बर. आणि चालू शिपवर उलटं असतं, तिथे शांतता हीच भीती. जनरेटरचा आवाज चोवीस तास कानात असतो, झोपेतही. तो बंद पडला की अख्खी शिप जागी होते, अलार्मच्या आधी. ब्लॅकआउट झाल्यावर इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांच्या आत चालू व्हायला हवा असा नियम आहे. ते ४५ सेकंद फार मोठे असतात.

कॉर्कवाला
मी आयर्लंडला कॉर्कमध्ये असतो. हा धागा वाचून आठवलं, हा सिनेमा २१ फेब्रुवारी २०२० ला लागला आणि त्याच्या पाच दिवस आधी, १६ तारखेला, आमच्याकडे बॅलीकॉटनजवळच्या खडकांवर खरीखुरी भुताची बोट येऊन आदळली होती. 'एमव्ही अल्टा'. २०१८ च्या ऑक्टोबरात बर्म्युडाच्या आग्नेयेला भर अटलांटिकमध्ये अमेरिकन कोस्टगार्डने तिच्यावरचे दहा जण उचलले, बोट तशीच सोडली. मधे ब्रिटिश नौदलाच्या एका जहाजाला २०१९ मध्ये ती दिसली, हाक मारली, उत्तर नाही. मग डेनिस वादळाने थेट आमच्या दारात आणून टाकली. सव्वा वर्षाहून जास्त काळ ७७ मीटरची बोट अटलांटिकमध्ये एकटी फिरत होती.

आम्ही काही मराठी मंडळी गाडी काढून गेलो बघायला. वरच्या कड्यावरून दिसायची, वारा असा की उभं राहवत नव्हतं. आणि भुतापेक्षा वेगळाच प्रश्न लोकांच्या तोंडी होता, मालक कोण? काढायचा खर्च कोणी द्यायचा?

इतिहासवेडा
विषय निघालाच आहे तर 'मेरी सेलेस्ट' विसरून कसं चालेल. डिसेंबर १८७२, अझोर्स आणि पोर्तुगालच्या मधे सापडली, शिडं काही उभी, अन्नपाणी आहे, माल जागेवर, कॅप्टन, त्याची बायको, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी नाहीत. एकुलती एक छोटी होडीही नाही. मालात अल्कोहोलची १७०१ पिंपं, त्यातली नऊ रिकामी निघाली. वाफ साठून स्फोट होईल या भीतीने सगळे होडीत उतरले असावेत आणि होडी बोटीपासून सुटली असावी, हा तर्क मला सगळ्यात पटतो. दीडशे वर्षं लोक राक्षसी माशांपासून चाच्यांपर्यंत काहीही सांगतायत, पण चांगली बोट भीतीपोटी सोडून देणं आणि मग ती आपल्यापासून लांब जाताना बघणं यापेक्षा भयानक काय असणार.

रत्नांग्रीकर
आमच्याकडे रत्नागिरीत मिऱ्याला येऊन बघा की. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात 'बसरा स्टार' बंधाऱ्यावर येऊन बसली. तेरा खलाशी सुखरूप काढले आणि बोट वर्षानुवर्षं तिथेच. पर्यटक आधी तिच्यासोबत सेल्फी काढायचे आणि मग समुद्राकडे बघायचे. कोणाला सिनेमा काढायचाय तर तयार सेट होता, सूर्यास्तासकट.

गोंयकारीण
बसरा स्टारचं काय घेऊन बसलात, आमची 'रिव्हर प्रिन्सेस' आठवा. ६ जून २००० ला कांदोळीला रुतली ती २०१२ पर्यंत! कोर्ट, निविदा, परत निविदा. त्या बोटीपायी आसपासची वाळू धुपून किनाऱ्याचा आकारच बदलला. माझ्या लहान भावाने समुद्राचं चित्र काढलं की त्यात ती बोट असायचीच, त्याला वाटायचं प्रत्येक समुद्राला एक असते.

तिखटशेव
सगळ्या जूनमध्येच कशा काय येतात? विस्डम जून, बसरा स्टार जून, प्रिन्सेस जून. शाळा सुरू होतात म्हणून?

दुसरा_वॉच
मान्सून सुरू होतो म्हणून हो. उघड्या किनाऱ्यावर, बारीकसारीक बंदरांच्या तोंडाशी नांगरून ठेवलेल्या बोटींना तेव्हा आसराच नसतो. नांगर ओढला जातो.

मंगलाकाकू
मी इथे फार लिहीत नाही, वाचत असते. बोटींचा विषय बघून लिहिते. आमचं माहेर रेवसजवळचं. आमच्या घरात गटारी अमावास्येला अजूनही कोणी बोटीने प्रवास करत नाही. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली, बहुतेक सणाला घरी येणारी गिरणीतली, कोकणातली. माझ्या आजीचा भाऊ त्यात होता. आजी सांगायची की किनाऱ्यावरचे कोळी वादळात मचवे घेऊन गेले आणि हाताला लागतील तेवढी माणसं वर ओढली. मुंबईला संध्याकाळपर्यंत बोट बुडाल्याचं धड माहीत नव्हतं.

मराठीत यावर मोठा, नीट सिनेमा व्हायला हवा असं मला फार वाटतं. भूत-बीत नको त्यात.

चाफेकळी
काकू, आजीने सांगितलेलं अजून लिहा ना. प्लीज.

निशाचर
मंगलाकाकू, नमस्कार. यावर स्वतंत्र धागा काढा असं मनापासून सुचवतो, इथे प्रतिसादांत हरवून जाईल.

मंगलाकाकू
काढते. मामाला फोन करून आधी नावंगावं नीट विचारून घेते.

अबोली_अनघा
मूळ विषयाकडे येते. मी आता परत एकदा मधला भाग बघितला. दुसरा_वॉच, तुम्ही सांगा, बोटीवर काय घडलं हे शोधायचं असेल तर तुमचा माणूस सगळ्यात आधी काय बघेल? कारण हिरो शिपिंगवाला असूनही त्याची चौकशी मला एखाद्या घाबरलेल्या वॉचमनसारखी वाटली.

दुसरा_वॉच
छान प्रश्न. बोट कितीही जुनी असो, नाव कितीदाही बदललेलं असो, तिचा आयएमओ नंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक, बदलत नाही. तो सांगाड्यावर लिहिलेला असतो. त्यावरून कुठे बांधली, आधीचे मालक कोण, आधीची नावं काय, कुठल्या देशाचा झेंडा, सगळं निघतं. नंतर ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, जाऊन लॉगबुक. शेवटची नोंद कोणत्या तारखेची, कोणाच्या हस्ताक्षरात. मग चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, त्यावर पेन्सिलने मारलेली शेवटची पोझिशन. मग क्रू लिस्ट. लाइफबोट जागेवर आहेत का, नसतील तर दोर कापलेत की नीट सोडलेत. मेसमध्ये जेवण अर्धवट टाकलंय का. बरीचशी नवी शिप असेल तर व्हीडीआर, म्हणजे विमानाच्या ब्लॅक बॉक्ससारखी पेटी, तिच्यात ब्रिजवरचं बोलणंही रेकॉर्ड होतं.

विचार करा, नुसती लॉगबुकची पानं उलटत जाणं आणि एका पानापासून अक्षर बदलणं. यात घाबरवायला पुरेसं आहे की नाही?

अबोली_अनघा
आहे! कापलेला दोर तर फारच.

बूममॅन
व्हीडीआरमधलं बोलणं! फक्त आवाज, चित्र नाही. मी फुकट काम करायला तयार आहे.

कॉर्कवाला
मला खऱ्या भुताच्या बोटीपेक्षा खऱ्या अडकलेल्या माणसाची गोष्ट जास्त लागते. सुएझजवळ 'एमव्ही अमान' नावाची बोट २०१७ मध्ये जप्त झाली. कोर्टाने तिथल्या सिरियन चीफ ऑफिसरला बोटीचा कायदेशीर रखवालदार ठरवलं आणि तो जवळपास चार वर्षं अडकला, त्यातला शेवटचा बराच काळ एकटाच. वीज नाही, डिझेल नाही. त्याची आई या काळात वारली. वादळाने बोट किनाऱ्याच्या जवळ सरकली तेव्हा तो काही दिवसांनी एकदा पोहत जाऊन फोन चार्ज करून, खाणंपाणी घेऊन परत बोटीवर यायचा. एप्रिल २०२१ मध्ये सुटला.

निशाचर
पोहत जाऊन परत यायचा?? किनाऱ्यावर पोचलेला माणूस परत बोटीवर?

कॉर्कवाला
हो. कागदावर सही त्याची. पासपोर्ट दुसऱ्यांकडे.

दुसरा_वॉच
आमच्यातल्या प्रत्येकाला ही केस पाठ आहे. मालक पैसे द्यायचं थांबवतो, फोन उचलत नाही, क्रू तिथेच. भारतीय मुलं यात खूप अडकतात, बोगस एजंटांना पैसे भरून कुठल्यातरी मोडक्या टँकरवर चढतात. दुबईच्या बाजूला 'एमटी इबा' अशीच वर्षानुवर्षं नांगरून होती, आपली मुलं होती त्यावर, जानेवारी २०२१ मध्ये साखळ्या तुटून ती उम्म अल कुवैनच्या किनाऱ्याला लागली. इथे कोणाचा भाऊ-भाचा शिपिंगला जायचं म्हणत असेल तर एजंटचा आरपीएसएल नंबर (भरतीच्या परवान्याचा क्रमांक) डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या यादीत तपासल्याशिवाय एक पैसा देऊ नका. हे धाग्याच्या विषयात बसत नसेल तरी लिहितोय.

चाफेकळी
बसतं, बसतं. माझ्या मावसभावाला आत्ताच पाठवलं.

निशाचर
मला अजूनही वाटतं आपण सगळे या सिनेमाशी जरा कठोर वागतोय. अलंगला खऱ्या बोटींच्या यार्डात जाऊन त्यांनी शूटिंग केलं, विकी कौशलच्या तोंडावर दरवाजा पडून गालाचं हाड मोडलं, तेरा टाके पडले. कोणी कष्टात कसूर केलेली नाही. जुहूच्या बातमीत भयपट दिसणं ही दृष्टी त्यांचीच होती, आपल्यापैकी कोणाला नऊ वर्षांत सुचलं?

खारा_वारा
कष्टांबद्दल आदरच आहे. पण निशाचर, ज्या दरवाजाने हिरोचा गाल फुटला तो दरवाजा सिनेमात किती वजनदार वाटतो? नाही वाटत. खऱ्या लोखंडापाशी पोचलेली माणसं पटकथेत परत पुठ्ठ्याकडे गेली, याचं दुःख आहे. नावात 'पार्ट वन' आहे, दुसरा भाग अजून आलेला नाही, आला तर मी पहिल्या दिवशी जाईन आणि मनापासून प्रार्थना करेन की लिहिणाऱ्यांनी महिनाभर कोणत्यातरी शिपवर काढलेला असो.

आणि इथले प्रतिसाद वाचून माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं असं वाटतंय. एक बंद टँक, दोन माणसं, एक मीटर. दोनच पात्रं असतील तर एकांकिकाही होते.

बूममॅन
होतेच. एक माणूस तळाशी पडलेला, दुसरा दाराशी, त्याला आत जायचंय आणि नियम सांगतो जायचं नाही. मदत यायला दहा मिनिटं. ती दहा मिनिटं म्हणजेच फिल्म. शॉर्टफिल्मला आणखी काय लागतं? खारा_वारा, तुम्ही लिहिताय का? नाहीतर मी लिहायला घेतो.

खारा_वारा
मी लिहितो. दुसरा_वॉच, मीटरचा अलार्म नेमका कितीला वाजतो? आणि दाराशी उभा असतो त्याला शिपवर काय म्हणून हाक मारतात?

दुसरा_वॉच
बहुतेक मीटर १९.५ ला वाजायला लागतात, कर्कश्श, सोबत लाल दिवा. दाराशी बहुतेक एबी, म्हणजे एबल सीमन, उभा असतो, त्याला नावाने नाहीतर सरळ 'एबी' म्हणूनच हाक. आत पडलेला बोसन दाखवा, खलाशांचा मुकादम, सगळ्यात अनुभवी माणूस, म्हणजे धक्का जास्त बसेल, कॅडेट पडला तर लोक म्हणतील नवखा होता. पहिला खर्डा मला पाठवा, जॉइन व्हायच्या आधी वाचून देतो. फक्त सेकंड ऑफिसरला ऊठसूट दुर्बीण लावून उभा केलात तर तो तसाच परत पाठवीन!